त्याचे कारण मला सांगता येणार नाही

“काकू, सगळे दिवे दिसायलाच पाहिजेत असं नाही. दिसला की बटण दाबायचं, नाही दिसला तर सोडून द्यायचा. शोधायला जायचं नाही,” असं सांगून त्या मुलीने माझी हनुवटी प्लास्टिकच्या खाचेत नीट बसवली. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. समोर मोठ्या पातेल्याएवढी, आतून पांढरीशुभ्र खोलगट वाटी आणि तिच्या मधोमध एक बारीक पिवळा दिवा. त्या दिव्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेतरी क्षणभर पांढरा ठिपका चमकणार. कधी ठसठशीत, कधी इतका पुसट की भास झाला असं वाटावं. खोलीत अंधार, एसीची घरघर, यंत्राच्या पोटातून येणारी बारीक किर्र किर्र. पहिली दोन मिनिटं मी सांगितल्याप्रमाणे दाबत राहिले. मग डोळा चुरचुरायला लागला, मधला दिवा विरघळल्यासारखा व्हायला लागला, आणि बोट आपल्याच लयीत चालायला लागलं. दिसला म्हणून दाबलं, की आता दिसायला हवा होता म्हणून दाबलं, हे मला सांगता येईना. डोळा माझा, बोट माझं, बटण माझ्याच मुठीत. मध्ये दुसरं कुणीच नव्हतं.

खरं तर मी चष्म्याचा नंबर वाढलाय का ते बघायला गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, बाकी काही त्रास? मी म्हटलं, काही नाही, मला सगळं दिसतं. मग डोळ्यातला दाब मोजताना त्यांनी घरच्यांचं विचारलं. वडिलांना काचबिंदू होता म्हटल्यावर त्यांनी नजरेचा आवाका तपासणारी फील्ड टेस्ट करायला लावली. अर्ध्या तासाने त्यांनी छापील कागद माझ्यासमोर ठेवला. यंत्राने ५४ ठिकाणी दिवे टाकून बघितले होते. उजव्या डोळ्याचा कागद जवळपास कोरा. डाव्याच्या कागदावर, नाकाच्या बाजूला वरच्या अंगाला, कुणीतरी पेन्सिल आडवी धरून गिरवावं तसा करडा पट्टा, आत जाता जाता काळा होत गेलेला. मी डावा डोळा उघडा ठेवून उजवा तळहाताने झाकला आणि त्या खोलीकडे बघितलं. कपाट, कॅलेंडर, ट्यूबलाइट, डॉक्टरांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा मोठा डोळा. सगळं होतं. “पण मला तिथे काळं काही दिसत नाही हो,” मी म्हणाले.

“कुणालाच दिसत नाही,” त्या म्हणाल्या आणि थेंबांचं नाव लिहायला लागल्या.

रिक्षात बसल्यावर मला आजाराची भीती वाटायला हवी होती. ती रात्री आली, व्यवस्थित आली. पण सांगलीत विश्रामबागेतून गावभागात येईपर्यंत डोक्यात दुसरंच काहीतरी होतं. मी डॉक्टरांशी खोटं बोलले नव्हते. लपवलं नव्हतं. मनापासून, अगदी खरं म्हणून सांगितलं होतं की मला सगळं दिसतं. आणि ते चूक होतं. बाहेरच्या जगाबद्दल माणूस चुकतो यात नवं काय? समोरून येणारी बाई आपली मावशी वाटते आणि जवळ आल्यावर कळतं, ही दुसरीच कुणी. पण इथे प्रश्न जगाचा नव्हता. ‘मला’ काय दिसतं एवढाच प्रश्न होता. ज्या गावाची मी एकटी रहिवासी, तिथली खबर मी चुकीची दिली होती, आणि एका यंत्राने ती दुरुस्त केली होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आठवणं अटळ होतं. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळकं होतं आणि त्यात एक लाकडी स्टूल असायचं. आई त्यावर चढून फळीवरचे डबे काढायची. अण्णांची नडगी त्या स्टुलावर आठवड्यातून दोनदा तरी आपटायची. मग घरभर आवाज घुमायचा, “हे स्टूल मध्ये कोणी ठेवलं?” स्टूल मध्ये नसायचं. ते वर्षानुवर्षं होतं तिथेच, भिंतीला चिकटून असायचं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा तेव्हा चौकट जुन्या बांधणीची, अरुंद असायची. रस्त्यात कुणी सायकलवाला बाजूने आला की तो बेशिस्त असायचा. हळूहळू अण्णांचं एक मतच बनलं की घरात सामान फार झालंय आणि मुलांना वळण नाही. हे मत ते इतक्या तपशिलाने मांडायचे, कुठल्या वर्षी कुठली वस्तू उगाच घेतली ते इतकं बरोबर सांगायचे, की आम्हाला खरंच अपराधी वाटायचं. आईने एका दिवाळीत दोन खुर्च्या आणि ते स्टूल काढून टाकलं. त्यानंतर त्यांना पाण्याची कळशी लागायला लागली.

निदान झालं तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या कडा बऱ्याचशा गेल्या होत्या. आणि तरी अण्णा सकाळी चहाबरोबर पेपर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, छोट्या जाहिरातींसकट. काचबिंदूत मधली नजर बहुधा शेवटपर्यंत टिकते. वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, माणसाचा चेहरा ओळखता येतो. मग आपली नजर अधू आहे असं त्यांनी कशावरून म्हणावं? “मी बघूनच चालतो,” हे त्यांचं वाक्य होतं आणि ते पूर्ण खरं होतं. ते बघूनच चालत. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, मनात त्यांना तिरसट म्हणायचे. एकदा तोंडावरही म्हटलं. ते जेवता जेवता थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि काहीच न बोलता भातावर ताक ओतून घेतलं. त्या बघण्याच्या वेळी मी त्यांच्या नजरेच्या मधोमध होते, एवढं आता कळतं.

तो आठवडा मी डोळ्यांशी खेळण्यात घालवला. वहीच्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढला. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे बघत कागद पुढेमागे केला की साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. हे माझ्या आजाराचं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यात, नस जिथून बाहेर पडते तिथे, ही आंधळी जागा असते. १६६० च्या दशकात एद्मे मारिओत या फ्रेंच अभ्यासकाने भिंतीवर कागदाचे गोल लावून ती दाखवून दिली. त्याआधी हजारो वर्षं माणसं दोन डोळे घेऊन वावरत होती, आकाशातले तारे मोजत होती, आणि आपल्या नजरेत दोन भोकं आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला जास्त अस्वस्थ केलं ते वहीच्या रेघांनी. ठिपका गेला तिथे भोक दिसलं नाही. निळ्या रेघा सरळ पुढे गेल्या, जणू तिथे कधी काही नव्हतंच. माझ्या फील्ड टेस्टच्या यंत्राला ही जागा ठाऊक असते. ते मुद्दाम अधूनमधून एक दिवा नेमका तिथे टाकतं. तुम्ही तो ‘दिसला’ म्हणून बटण दाबलंत तर यंत्र नोंद करतं की या बाईंची नजर हलली आहे, किंवा यांचं बोट आगाऊ आहे. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हे आकडे छापून येतात. साक्षीदाराची साक्ष आणि तो साक्षीदार कितपत भरवशाचा याचा शेरा, दोन्ही एकाच कागदावर.

लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली काचबिंदूच्या ५० रुग्णांना काही चित्रं दाखवली आणि तुम्हाला जग यातल्या कशासारखं दिसतं असं विचारलं. दवाखान्याच्या भिंतीवर असतं तसं, मध्ये उजेड आणि भोवती काळं बोगद्यासारखं वर्तुळ असलेलं चित्र एकानेही निवडलं नाही. काहींना थोडं धूसर वाटत होतं. काहींना काहीच कमी वाटत नव्हतं. म्हणजे ‘कुणालाच दिसत नाही’ हे माझ्या डॉक्टरांनी धीर द्यायला म्हटलेलं वाक्य नव्हतं. काळं दिसायलाही तिथे काहीतरी दिसावं लागतं.

भाचा सुट्टीला आला होता. त्याला मी पत्त्यांचा एक प्रयोग करायला लावला. समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बघायचं आणि मी त्याच्या कानाच्या रेषेत हात लांब करून एक पत्ता धरायचा. काहीतरी हललं एवढं त्याला लगेच कळलं. “रंग सांग, लाल की काळा?” तो ठामपणे म्हणाला, लाल. इस्पिकचा गुलाम होता. पत्ता हळूहळू पुढे आणत गेले तर जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्याला बदाम की इस्पिक हे नक्की सांगता येईना. त्याचे डोळे ठणठणीत आहेत. नजरेच्या कडेला रंग आणि आकार असे विरळ असतात, सगळ्यांचेच. “पण मावशी, मला तर सगळीकडे रंगीतच दिसतंय,” तो म्हणाला. मलाही तसंच दिसतं. जिथे म्हणून नजर टाकावी तिथे रंग हजर असतो, कारण बघायला गेलं की नजरेचा मधला भाग तिथे पोचतो. दार उघडल्यावर दिवा लागतो, म्हणून आत कायम उजेडच असतो असं लहानपणी फ्रिजबद्दल वाटायचं, तसं.

इथवर सगळं डोळ्याचं. पण मला खरं टोचत होतं ते मनाचं.

मी बावीस वर्षं जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. साहेब सांगत, मी टंकत असे. सरतपास, उलटतपास, पुन्हा सरतपास. खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे असे साक्षीदारांचे दोनच प्रकार आहेत अशी माझी समजूत होती, आणि चेहरा न बघता नुसत्या आवाजावरून ते मला ओळखता येतात असंही वाटायचं. उलटतपासात वकील हमखास एक प्रश्न विचारतात: तुम्ही आज जे सांगताय ते पोलिसांना दिलेल्या जबाबात का नाही? आणि त्यावर साक्षीदाराचं ठरलेलं उत्तर असतं, जे मी हजारदा तरी टंकलं असेल: ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते. त्यांनी ते का लिहिले नाही, त्याचे कारण मला सांगता येणार नाही.’ बरोबरच आहे. दुसऱ्याच्या मनातलं कारण आपण कसं सांगणार? पण वकिलाने पुढचा प्रश्न विचारला, की तुम्ही स्वतः त्या रात्री घरी जायचं सोडून मागे का वळलात, की उत्तर तयार. आवाज ऐकला म्हणून. वाईट वाटलं म्हणून. संशय आला म्हणून. शेतकरी असो, प्राध्यापक असो, पोरगेला मजूर असो, कुणी एक श्वासही घेत नसे. ‘मी मागे का वळलो, त्याचे कारण मला सांगता येणार नाही’ असं उत्तर बावीस वर्षांत मला टंकल्याचं आठवत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आई म्हणायची. आपण सगळे या म्हणीवर जगतो. जळतंय हे कळतंच, त्याबद्दल वाद नाही. दाढ दुखते तेव्हा ती दुखत नसून तसं वाटतंय असं कुणी म्हणू शकत नाही. पण का जळतंय, कुठून पेटलं, हे जळणाऱ्यालाच कळतं असं आपण त्याला जोडून कधी घेतलं?

१९७७ साली अमेरिकेतल्या रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोघांनी एक निबंध छापला. त्यात एका दुकानातला प्रयोग आहे. टेबलावर बायकांचे नायलॉनचे पायमोजे ओळीने चार ठेवले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं, यात सर्वांत चांगल्या प्रतीचा कोणता? चारही अगदी सारखे होते. डावीकडच्या पहिल्याला १२ टक्के लोकांनी निवडलं, मग १७, मग ३१, आणि उजवीकडच्या शेवटच्याला ४० टक्के. का निवडला म्हटल्यावर प्रत्येकाकडे कारण होतं: विणकाम, पोत, मऊपणा. जागेमुळे निवडलात का असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं, काहींनी तर विचारणाऱ्याकडे चमकून बघितलं. हे वाचताना मला साडीच्या दुकानातली गादी दिसली. पांढऱ्या बैठकीवर एकामागून एक उलगडून टाकलेल्या तीस साड्या, मागवलेला चहा गार होत चाललेला, आणि शेवटी, निघायच्या बेतात असताना, दुकानदाराने वरच्या खणातून काढलेली ‘एवढी एकच बघा’ म्हणून टाकलेली एक. माझ्या कपाटात अशा कमीत कमी चार साड्या आहेत. प्रत्येकीच्या काठाबद्दल मी भरभरून बोलू शकते. काठ सुंदर आहेतही.

आणि मग नाटकांचं.

सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेड आहे हे नव्याने सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच सुरुवात केली. मी दर महिन्याला एखादं तरी नाटक बघायचे, स्कूटर घेऊन, बरोबर कुणी नसलं तरी. गेली दोन वर्षं गेले नाही. मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, आता पूर्वीसारखी नाटकं राहिली नाहीत. दोन गाजलेली नावं, एक सेट, टीव्हीवरचे चेहरे, टाळ्यांसाठी लिहिलेली वाक्यं. हे मी एकदा नाही, वीसदा बोलले असेन. लग्नात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर, एका अनोळखी बाईंशी रेल्वेत. त्यावर माझं वाचन होतं, उदाहरणं होती, चीड होती. मला ते मनापासून वाटत होतं. डॉक्टरांनी कागद दाखवला त्याच्या तिसऱ्या दिवशी भांडी विसळताना हातातला डाव तसाच राहिला. नाटकं रात्री साडेनऊला असतात. परतताना बारा वाजतात. गेल्या दोन वर्षांत मी रात्री स्कूटर बाहेर काढलेली नाही. भाजी, बँक, देऊळ, सगळं उजेडात उरकते. त्याचंही कारण माझ्याकडे तयार होतं, रहदारी फार वाढलीय आणि समोरच्यांचे दिवे डोळ्यांवर येतात. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, रात्री गाडी चालवायला नको वाटणं याच्यामुळे असेल का? त्या म्हणाल्या, काही लोकांना कमी उजेडात त्रास होतो, होऊ शकतो. तुमचं अजून एकाच डोळ्याचं आणि सुरुवातीचं आहे, याचमुळे असं सांगता येणार नाही.

म्हणजे अण्णांना स्टूल लागायचं आणि घरात सामान फार झालंय असं त्यांचं मत बनायचं. मला अंधार लागत होता आणि मराठी रंगभूमी घसरलीय असं माझं मत बनलं होतं. असेल. पण इथे मी स्वतःला थांबवलं, कारण ही गोष्ट फारच सुरेख जमून येत होती. तिच्यात वडील होते, वारसा होता, प्रायश्चित्त होतं. शेवटची उलगडलेली साडी. कागद बघितल्यावर सुचलेलं कारण हे कागदामुळे सुचलेलं असतं. ते दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या मनातून आलंय याला पुरावा काय? कदाचित नाटकं खरंच वाईट झाली असतील. कदाचित ज्या वर्षी जाणं थांबलं त्याच वर्षी मी निवृत्त झाले, तिकिटाचे पैसे मोजताना हात अडखळला असेल आणि ते मला स्वतःला कबूल करायचं नसेल. आत बघितलं की यातलं प्रत्येक कारण मला तितकंच आपलं वाटतं. आत बघून त्यांच्यात निवड होत नाही. तेव्हा साक्ष द्यायची तर शपथेवर एवढंच देता येईल: मी नाटकाला जाणं बंद केलं. का बंद केलं, त्याचे कारण मला सांगता येणार नाही.

हे वाक्य मनात म्हणून बघितलं तेव्हा सुरुवातीला पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटली. मग, का कोण जाणे, थोडं मोकळं वाटलं.

मनात डोकावून ज्ञान मिळतं का, हा वाद काही माझ्यापासून सुरू होत नाही. विल्हेल्म वुंटने १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हा तयारीच्या माणसांनी आपल्या मनाचं निरीक्षण करून नोंदी द्यायच्या, हाच मानसशास्त्राचा पाया धरला होता. पुढे जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या अभ्यासकांना आपल्या मनात कसलंही चित्र, कसलाही आवाज नसलेले निव्वळ विचार सापडले, आणि अमेरिकेत कॉर्नेलला टिचनरच्या माणसांना प्रत्येक विचारामागे कसली ना कसली संवेदना सापडली. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक, दोन्हीकडची तयारीची. निवाडा कोण करणार? तिसरा माणूस कुणाच्याच मनात शिरू शकत नव्हता. १९१३ साली जॉन वॉटसनने हे सगळं मोडीत काढा म्हटलं, आणि पुष्कळ वर्षं तसं झालंही. मला हे मोडीत काढणं पटत नाही. बटण दाबायला माणूस नको असेल तर फील्ड टेस्ट कशी करणार? यंत्र नुसतं दिवे टाकतं. दिसला की नाही हे शेवटी मलाच सांगायचं असतं.

यातूनच मला रसेल हर्लबर्ट यांची पद्धत जवळची वाटली. नेवाडा विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून लोकांच्या कानाला एक बीपर लावून देतात. तो दिवसात केव्हाही वाजतो. वाजायच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होतं तेवढंच टिपायचं, आणि मग त्यावर बारकाईने विचारपूस होते. आपण सतत शब्दांत विचार करतो असं छातीठोक सांगणाऱ्या कित्येकांना टिपणांत शब्द फारसे सापडत नाहीत, याचा त्यांनाच धक्का बसतो. माझ्याकडे बीपर नाही. कुकर आहे. शिट्टी होणार हे माहीत असतं पण नेमकी कधी ते नसतं, आणि झाली की दचकायला होतंच. गॅसजवळ मी एक छोटी वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवली. महिनाभर जवळजवळ रोज पहिल्या शिट्टीला जे होतं ते लिहिलं. वही आता हळदीच्या बोटांनी पिवळी झाली आहे.

तिच्यात माझ्या ओळखीची बाई फारशी नाही. मी स्वतःला काळजी करणारी समजते. सव्वीस नोंदींत काळजी तीनदा आहे. एका नोंदीत आहे, ‘ओल्या बांगडीचा मनगटाला गारवा, बाकी काही नाही.’ एकीत एका साबणाच्या जाहिरातीची चाल, शब्दांशिवाय. एकीत ‘रागासारखं काहीतरी, कुणावर ते नाही.’ ही नोंद मी पुष्कळदा वाचली. एरवी त्या रागाला दोन मिनिटांत नाव मिळालं असतं, वहिनीचं किंवा वरच्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीचं, आणि मग मी दिवसभर त्या नावाशी भांडले असते. शिट्टीने त्याला नाव मिळायच्या आधी पकडलं. आणि पाच नोंदींत अण्णा आहेत. आठवण म्हणावी अशी नाही. त्यांचा ताकाचा वाडगा, त्यांचा खाकरण्याचा आवाज, एकदा नुसतं ते स्टूल. अण्णांना जाऊन सोळा वर्षं झाली, मला ते क्वचितच आठवतात असं मी कुणालाही सांगितलं असतं.

लहानपणी कीर्तनात झाडावरच्या दोन पक्ष्यांची गोष्ट ऐकली होती. एक फळ खातो, दुसरा काही न खाता नुसता बघत बसतो. आपल्या आत तो बघणारा आहे, म्हणे. मला तो पक्षी तेव्हापासून आवडतो. त्याला पूर्ण दिसतं अशीच माझी कल्पना होती, उंच फांदीवर बसून, लख्ख. आता वाटतं, त्यालाही डोळेच असणार. समोरचं दाणादाणा दिसत असेल आणि कडेचं दिसतंय असं वाटत असेल. तरी तो बसून असतो, याबद्दल माझा त्याच्यावरचा जीव वाढलाच आहे.

मागच्या शनिवारी मैत्रीण तिची गाडी घेऊन आली आणि आम्ही भावे नाट्यमंदिरात गेलो. दोन वर्षांनी. पायरीवर मोगऱ्याचे गजरे, आत शिरताना तोच खुर्च्यांचा आणि जुन्या पडद्याचा वास. तिसरी घंटा झाली आणि अंधार झाला तेव्हा पोटात गोळा आला. तो अंधाराचा होता की नाटकाचा, ते मी विचारत बसले नाही. मध्यंतरात वडा खाताना तिने विचारलं, “काय गं, घसरलीय का रंगभूमी?” मी म्हटलं, “दुसऱ्या प्रवेशात ती मुलगी पत्र न वाचताच घडी घालते ना, तेव्हा माझ्या घशात काहीतरी आलं.” ती म्हणाली, “अगं, नाटक आवडतंय का ते सांग.” मी म्हटलं, “थांब जरा, सांगते.”

मध्यंतरानंतर दिवे गेले. रंगमंचावर संध्याकाळ होती, एक खिडकी, एक पलंग, वरून सोडलेली एक झुंबराची साखळी. मी उजवा डोळा तळहाताने झाकला. आता डाव्या डोळ्याला जे दिसत होतं त्यात, उजव्या अंगाला वर, झालरीच्या जरा खाली, एक तुकडा नव्हता. कुठे ते मला कागदामुळे पाठ होतं. मी मधल्या खिडकीवर नजर रोवून ठेवली आणि न शोधता त्या बाजूकडे लक्ष दिलं.

“डोळा दुखतोय का गं?” मैत्रीण कुजबुजली.

मी मान हलवली. झालर अखंड होती. साखळी वरपर्यंत गेलेली दिसत होती. संध्याकाळ कुठेही फाटलेली नव्हती.